नळाची जुनी लाइन बदलायची आहे, 72 हजार योग्य वाटतात का?

माळावरचं_घर

नमस्कार मंडळी,

सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी आमचं घर आहे, सासऱ्यांनी 1988 ला बांधलेलं. नळाची लाइन तेव्हाचीच, अर्धा इंची जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप. मुख्य वाहिनी रस्त्याच्या पलीकडे. तिथून रस्त्याखालून गेटपर्यंत 24 फूट आणि गेटपासून घराला वळसा घालून मागच्या हौदापर्यंत 50 फूट. रस्ता काँक्रीटचा. आवारात निम्मा कोबा, निम्मे पेव्हर ब्लॉक.

पाणी सकाळी तासभर असतं. पूर्वी तेवढ्यात हजार लिटरचा हौद भरून वाहायचा. आता जेमतेम चौथा हिस्सा भरतो. शेजारच्यांचा भरतो, म्हणजे दोष आमच्याच लाइनमध्ये. पहिल्या दोन-तीन बादल्या तांबूस येतात आणि तळाला गंजाची पूड बसते. घरात सासूबाई 79 वर्षांच्या आणि मुलगी दीड वर्षाची. पाणी उकळून, गाळून देते, तरी धास्ती जात नाही.

एका प्लंबरनं रस्त्यासह, मटेरियलसह 72,000 सांगितले. दुसऱ्यानं 41,000, पण त्यात रस्ता धरलेला नाही आणि पाइप यूपीव्हीसी, म्हणजे कडक प्लास्टिकचा. दोघांनीही कागदावर काही लिहून दिलं नाही. हा खर्च रास्त आहे का? आणि पाइप कुठला घालू? आयुष्यात एकदाच होणारं काम आहे, नीट व्हावं एवढंच वाटतं.

पाना_सफेदा

ताई, मी परवानाधारक प्लंबर आहे, काम शेजारच्याच जिल्ह्यात. आकडा रास्त की जास्त हे नंतर ठरवू. आधी लाइनचा कुठला तुकडा खराब आहे ते शोधा. तुमच्या 72 हजारांतला मोठा वाटा त्या रस्त्याच्या 24 फुटांत आहे, आणि तो तुकडा चांगला असेल तर रस्त्याला हात लावायची गरजच नाही.

गेटपाशी मीटर असेल, त्याच्या पुढे युनियन, म्हणजे पान्यानं खोलता येणारा जोड असतो. पाणी सुटल्यावर दहा मिनिटांनी ती खोला, खाली 20 लिटरची बादली लावा आणि मोबाइलवर वेळ घ्या. मग युनियन परत आवळून हौदाच्या तोंडाशी तीच बादली लावा. दोन्ही ठिकाणी सारखाच जास्त वेळ लागला तर खराबी रस्त्याखाली किंवा फेरूलला, म्हणजे मुख्य वाहिनीवरच्या तुमच्या जोडणीला. गेटपाशी झटकन भरली आणि हौदाशी रेंगाळली तर आवारातला पाइप गेलाय. याला एक पाना लागतो, पैसा लागत नाही. जाता जाता हौदाकडचा कॉक बंद करून मीटरचा काटाही बघा. फिरत असेल तर मधे कुठंतरी गळती आहे.

जुना जीआय कापला की आत काय दिसतं ते एकदा बघाच. भिंतीला तपकिरी-नारिंगी गंजाच्या गाठी धरलेल्या असतात, बोटानं दाबल्या की चुरतात आणि आतून काळं पाणी निघतं. मधे पेन्सिल जाईल एवढंच भोक उरतं. आतला व्यास निम्मा झाला की पाणी निम्मं होत नाही, सहाव्या हिश्शावर येतं. तुमचा हौद असा एकदम मागे पडला त्याचं कारण हेच असणार.

आता पैशाचं. आवारातल्या 50 फुटांचा हिशोब आमच्या भागातल्या आजच्या भावानं सांगतो. 25 मिमी एचडीपीई, म्हणजे गुंडाळीत मिळणारा लवचिक प्लास्टिक पाइप, पीई 100 दर्जाचा, आयएस 4984 चा शिक्का असलेला, हजार-बाराशेत येतो. बाहेरून 25 म्हणजे आतून 20 मिमी मिळतो, तुमच्या जुन्या अर्धा इंचीपेक्षा मोठा. जोड, कॉक, एनआरव्ही (पाणी उलटं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह), चेंबरचं झाकण धरून चार-पाच हजार. खोदाईला दोन मजूर, दोन दिवस आणि ब्रेकरचं भाडं मिळून सहा-सात हजार. चर बुजवून कोबा पूर्ववत करायला सहा हजार. प्लंबर आणि हेल्पर पाच हजार. गोळाबेरीज 22 ते 25 हजार.

यात पाइप केवढ्याचा ते बघा. कुणी पाइप हलका घालून पैसे वाचवतो म्हणाला तर ऐकू नका, वाचून वाचून पाचशे वाचतील. पैसा खातो तो चर. म्हणून चर कमी करा. कंपाउंडच्या कडेनं फुलझाडांची पट्टी असेल तर लाइन तिच्यातून न्या. दहा फूट लांब पडली तरी चालेल, कुदळ-फावड्यानं काम होतं, कोबा फुटत नाही.

रस्ता फोडावाच लागला तर नगरपालिकेची परवानगी घेऊनच. रस्ता दुरुस्तीची रक्कम फुटा-मीटरवर असते आणि काँक्रीटला डांबरापेक्षा बरीच जास्त. ती परत मिळणारी अनामत आहे की भरून टाकायचा आकार, ते लेखी विचारा आणि पावती स्वतःच्या नावावर घ्या. पावसाळ्यात रस्ते खोदायला सहसा परवानगी देत नाहीत, तेव्हा हलायचं तर मेच्या आधी.

कोयनाकाठ

मी तीन वर्षांपूर्वी हे करून घेतलं. माझं मत जीआयकडे. आमच्याकडे घुशी फार, प्लास्टिकचा पाइप कुरतडून ठेवतात. मी सी क्लास घातला, सगळ्यात जाड, लाल पट्ट्याचा. ए क्लास पिवळ्या पट्ट्याचा, बी निळ्या. दुकानदार पिवळा पुढे करतो, पट्टी बघून घ्या.

दुसरी गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. जुन्या घरांत विजेची अर्थिंगची तार बरेचदा नळाच्याच जीआय पाइपला गुंडाळलेली असते. आमच्याकडे होती, गिझरच्या मागे. पाइप प्लास्टिकचा केला की ते अर्थिंग संपलं, आणि घरात कुणाला पत्ताही लागत नाही. लहान बाळ आहे म्हणता, तेव्हा आधी वायरमनला दाखवा आणि अर्थिंगचा वेगळा खड्डा करून घ्या.

पाना_सफेदा

अर्थिंगचं लाख बोललात दादा, ते काम आधी आणि पाइप नंतर.

जीआयचं मात्र पटत नाही. तुमच्याकडे मुरूम असेल. काळ्या मातीत ओल धरून राहते, जीआय बाहेरून आधी जातो आणि आट्यांपाशी पहिला. शिवाय काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते. कडक पाइपचे जोड हलतात, एचडीपीई वाकतो. घुशींवर उपाय आहे. चरात आधी अडीच इंची पीव्हीसी पाइप टाका आणि एचडीपीई त्यातून ओवून घ्या. वळणं मोठी ठेवा, एल्बो नको. घूसही लागत नाही, कुदळही लागत नाही, आणि पुढे कधी बदलायचा झाला तर जुना ओढून नवा सरकवता येतो. यूपीव्हीसी वाईट नाही, पण 50 फुटांत त्याला दोन-तीन जोड येणारच. एचडीपीईची गुंडाळी अखंड येते, जमिनीखाली एकही जोड राहत नाही.

निवृत्त_जलविभाग

माझी नोकरी पाणीपुरवठ्यात गेली, म्हणून एवढंच. बादली प्रवाह सांगते, शुद्धता नाही. पाणी बंद झालं की लाइन रिकामी होते आणि आत ओढ तयार होते. पाइपला बारीक भोक असेल आणि तो गटारातून जात असेल तर गटाराचं पाणी आत शोषलं जातं आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या धारेबरोबर घरात येतं. 2012 साली इचलकरंजीत दूषित पाण्यातून काविळीची साथ पसरली होती, ती आम्ही खात्यातली माणसं विसरलेलो नाही.

नगरपालिकेच्या पाणी विभागाला ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यातल्या क्लोरिनची तपासणी करायला सांगा. नळाचं पाणी छोट्या नळीत घेऊन दोन-चार थेंब टाकतात, क्लोरिन असेल तर पिवळं होतं. एकदा शेजाऱ्यांच्या नळाला, एकदा तुमच्या गेटपाशी आणि एकदा हौदाशी करा. नळापर्यंत लिटरला निदान 0.2 मिलिग्रॅम क्लोरिन उरायला हवं. शेजारी पिवळं आणि तुमच्याकडे रंगच नाही, तर मधे क्लोरिन खर्च होतंय, म्हणजे गंजामुळे तरी किंवा घाण शिरत असल्यामुळे तरी. ते पाणी त्या दिवसापासून पिऊ नका, लाइन केव्हा का बदलेना. आणि नवा पाइप गटार ओलांडताना गटाराच्या वरून न्या, केसिंगमध्ये, म्हणजे बाहेरून दुसरा संरक्षक पाइप घालून. गटाराच्या पोटातून नेला तर माझ्या लेखी ते काम झालेलंच नाही.

माळावरचं_घर

सगळ्यांचे मनापासून आभार. पाना_सफेदा काकांनी सांगितली तशी बादली लावली. गेटपाशी 20 लिटर 55 सेकंदांत, हौदाशी पाच मिनिटांत! युनियन खोलली तर मीटरला खालून येणारा पाइप चक्क निळा प्लास्टिकचा. सासूबाईंना विचारलं, त्या म्हणाल्या रस्ता काँक्रीटचा केला तेव्हा मुख्य वाहिनी नवी टाकली होती आणि सगळ्यांना गेटपर्यंत नवे तुकडे जोडून दिले होते. म्हणजे रस्त्याखालचं काम आधीच झालेलं आहे आणि 72 हजारांत आम्ही त्याचेच पैसे पुन्हा मोजणार होतो.

ओटी टेस्टही झाली. शेजारी आणि गेटपाशी चांगलं पिवळं, हौदाशी अगदी फिकट. पिण्याचं पाणी आता गेटवरूनच कळशीनं भरतो. वायरमन आला होता. तार आमच्याही पाइपलाच होती, न्हाणीघराच्या मागे. तो उद्या खड्डा करतोय.

दुसऱ्या प्लंबरला फुलझाडांच्या पट्टीचा मार्ग दाखवला आणि प्रत्येक बाब वेगळी लिहून मागितली. केसिंगसह 19,500 लिहून दिलेत. यात काही राहतंय का?

पाना_सफेदा

भाव रास्त आहे ताई, द्या काम. कागदावर दोन ओळी वाढवून घ्या. चराची खोली दोन फूट आणि पाइपच्या खाली-वर चार-चार इंच बारीक मुरूम किंवा वाळू. दगड-विटांचे तुकडे पाइपला टेकायला नकोत. आणि गेटच्या चेंबरमध्ये मीटरच्या पुढे पितळी बॉल व्हॉल्व्ह, म्हणजे हौद धुताना मुख्य कॉकला हात लावावा लागणार नाही.

चर लगेच बुजवू देऊ नका. एक सकाळ पूर्ण दाबानं पाणी येऊ द्या, गेटकडच्या आणि हौदाकडच्या जोडांवर कोरडं फडकं फिरवून बघा. पहिली दहा मिनिटं पाणी झाडांना सोडा, मग हौद जोडा. त्याआधी हौद मात्र रिकामा करून घासून घ्या, तळाला इतक्या वर्षांचा गंज बसलेला असणार. शेवटचं, उघड्या चरात टेप धरून फोटो काढा: भिंतीपासून पाइप किती फुटांवर आणि किती खोल. ते फोटो पाणीपट्टीच्या पावत्यांबरोबर ठेवा.