सोसायटी ग्रुप : चिऊचं गाणं

बी-३०४ : नमस्कार, एक सल्ला हवाय. आमच्या चिऊचं (वय ६) गणपतीतल्या गायन स्पर्धेत नाव दिलंय, ३ आठवडे राहिलेत. कॅराओकेवर एक नाट्यगीत बसवतोय पण अंतऱ्यात वर गेली की मानेच्या शिरा ताठ होतात, काल तर "मला गायचंच नाही" म्हणून उशीत तोंड खुपसून रडली. कुणी चांगले सर माहीत आहेत का?

सी-५०१ : क्लास लावच. आणि ज्येष्ठमध दे चघळायला, घसा मोकळा होतो

ए-१०२ काकू : अगं आधी तो ट्रॅक बंद कर बाई. ट्रॅक मोठ्या बाईच्या पट्टीतला, एवढ्याशा पोरीने तिथे कसं पोचायचं? या वयात आवाज आरामात फिरतो तो जेमतेम एका सप्तकात, त्याच्यावर ओढला की शिरा ताणणारच आणि घसा बसला की ज्येष्ठमधाने काय होणार. मी २२ वर्षं पेटीवर लहान मुलांना शिकवलंय म्हणून सांगते, ती खेळताना आपल्याआपण जे गुणगुणते ना ते गुपचूप ऐक, तो सूर पेटीवर शोध, तीच तिची पट्टी. रियाज सकाळ-संध्याकाळ १५-१५ मिनिटं बास, त्यात कंटाळली तर थांबायचं.

बी-३०४ : काकू ती खेळताना आमच्या सासूबाईंच्या ओव्या म्हणते, बाहुलीला झोपवताना 😊 पण बाकीची मुलं ताना मारणार, ओवीला मार्क कोण देणार?

ए-१०२ काकू : २००८-०९ चं मराठी लिटिल चॅम्प्स आठवतंय का, कार्तिकी गायकवाड जिंकली होती. आळंदीची पोर, वडिलांकडे घरीच शिकलेली, आणि अभंग गवळणी काय म्हणायची! घरात रुजलेलं गाणं होतं ते. सहा वर्षांच्या पोरीने ओवी शब्द न् शब्द स्पष्ट आणि सुरात म्हटली तर परीक्षक ऐकतातच, मी परीक्षक म्हणून बसलेय अशा स्पर्धांना. तान चुकली की मात्र सगळ्यांना कळतं

सी-५०१ : हे पटलं. पण पुढे टीव्हीच्या ऑडिशनला न्यायचं तर तयारी आत्तापासूनच हवी ना

डी-२०१ : टीव्हीचं निघालं म्हणून सांगतो, मी वकील आहे. बालकामगार कायद्याच्या नियमांत लहान कलाकारांसाठी वेगळी तरतूद आहे, दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग ३ तासांनंतर विश्रांती हवीच, सलग २७ दिवसांच्या वर काम नाही आणि मिळालेल्या पैशातले निदान २० टक्के मुलाच्या नावाने बँकेत मुदत ठेवीत. तिकडे गेलात तर हे आधी लेखी मागा, लाजू नका.

बी-३०४ : टीव्ही नको हो काका, तिला आधी पुन्हा गावंसं वाटू दे

ए-१०२ काकू : उद्या ४ ला क्लबहाऊसमध्ये आण. माइकवर आपलाच आवाज मोठ्ठा ऐकू आला की मुलं गप्प होतात, ते स्पर्धेच्या दिवशी नको व्हायला.

(दुसऱ्या दिवशी)

बी-३०४ : काकूंनी सांगितलं तसंच झालं, पहिल्या ओळीला स्पीकरमधून स्वतःचा आवाज आला तशी थांबली, मागे वळून स्पीकरकडे बघत राहिली. काकू काही बोलल्या नाहीत, नुसता पेटीवर सूर धरून ठेवला. मग माइकपासून चार बोटं लांब उभी राहिली आणि आख्खी ओवी म्हटली, मान अगदी सैल. खाली उतरल्यावर म्हणाली, "आई, परत म्हणू?" मला रडूच आलं. सासूबाई दारातून ऐकत होत्या, त्या आता आणखी दोन ओव्या आठवून वहीत लिहून देतायत

ए-१०२ काकू : एकच ठेव. शनिवारी ५ ला परत. पेटी वर न्यायला कुणीतरी या, लिफ्ट बंद आहे

डी-२०१ : मी येतो