मढमधलं बैठं घर: जोतं उंच हवं, पण आईला पुढच्याच दारानं यायचंय. आराखडा सुचवा

नमस्कार मंडळी,

मढच्या कोळीवाड्यातलं आमचं जुनं घर उतरवून त्याच जागी बैठं घर बांधायचंय. परवानग्यांचं काम पाहणारा माणूस वेगळा आहे, तो विषय इथे नको. मला मदत हवी आहे ती कुठली खोली कुठे यावी याची.

जागा २४ फूट रुंद, ५० फूट लांब. तोंड पूर्वेला, गल्लीवर. दक्षिणेची भिंत काकांच्या घराला लागून, तिकडे खिडकी शक्य नाही. उत्तरेला ४ फुटांची बोळ सोडली की घराला रुंदी उरते २० फूट. पुढे ६ फुटांची ओटी, मागे ६ फूट परसदार, मध्ये ३८ फूट घर. पुढच्या गल्लीत रिक्षा येत नाही, ती मागच्या रस्त्यावर थांबते.

राहणार आम्ही पाच जण. मी, बायको, दहावीतली मुलगी, धाकटा मुलगा आणि आई. आई ७४ वर्षांची. गेल्या वर्षी तिचं खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशननंतर ती वॉकरवर चालते. उद्या चाकाची खुर्ची लागली तरी तिला घरात कुठे अडायला नको.

आता अडचण. २६ जुलै २००५ ला, सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस झाला त्या दिवशी, आमच्या घरात गुडघ्याएवढं पाणी होतं. तेव्हापासून गल्ली दोनदा उंच झाली आणि आमचं जोतं रस्त्याला टेकलं. म्हणून नवं जोतं अडीच फूट घ्यायचं नक्की आहे. पण चाकाच्या खुर्चीसाठी उतार १ फुटाला १२ फूट धरतात, म्हणजे ३० फुटांचा रॅम्प. शिवाय मध्ये ५ फुटांचा सपाट टप्पा. पुढच्या ६ फुटांत तो बसणं शक्यच नाही.

इंजिनिअरनी रॅम्प गल्लीकडून सुरू करून बोळीतून मागे, स्वयंपाकघराच्या दारापाशी नेला आहे. कागदावर बरोबर बसतो. आईनं नकाशा पाहिला आणि एवढंच विचारलं, "म्हणजे मी मागून यायचं?" चाळीस वर्षं ती ओटीवर जवळा निवडत बसली, येणाऱ्याजाणाऱ्याची विचारपूस केली. तिला मागच्या दारानं घरात आणायचं, हे मला मान्य नाही.

बायकोनं सुचवलं, रॅम्प उलटा करा. रिक्षा मागेच थांबते, तर रॅम्प परसदारातून सुरू होऊन बोळीतून चढत पुढे ओटीवर निघू दे. मला हे फार पटलंय. पण ४ फुटांतून दोन्ही बाजूंचे कठडे वजा केले तर खुर्ची नीट जाईल का? आणि कौलांच्या पागोळ्या पडून तिथे शेवाळ धरेल, तर बोळीवर पत्रा घालावा का? घातला तर उत्तरेच्या खिडक्यांचा उजेड जाईल. रॅम्पला घासलेली फरशी नको एवढं ठरलंय, खडबडीत शहाबादी चालेल का?

आतली मांडणी. इंजिनिअरनी आईची खोली मागे स्वयंपाकघराला लागून दिली होती, शांतता मिळेल म्हणून. आईला शांतता नकोय. मी तिची खोली पुढे उत्तरेला घेतली, एक खिडकी ओटीवर. संडास-बाथरूम खोलीतच, पलंगापासून पाच-सहा पावलांवर. दार ३ फुटांचं आणि बाहेर उघडणारं, म्हणजे आत कोणी पडलं तरी दार अडकणार नाही. यामुळे बैठकीची खोली जेमतेम ९ फूट रुंद उरते. गणपतीत आमच्याकडे पंचवीस पानं उठतात. ओटी धरून भागेल, की आईची खोली लहान करू?

घराच्या मधोमध दक्षिणेच्या भिंतीला लागून ६ बाय ८ चा उघडा चौक ठेवायचा विचार आहे, नाहीतर मधल्या खोल्यांत दिवसाही दिवा लागेल. दुसऱ्या बाथरूमची खिडकीही त्यात उघडेल. पावसाचं पाणी तुंबू नये म्हणून चौकाची पातळी किती खाली ठेवावी? कोणी असा चौक मुंबईच्या पावसात वापरला असेल तर अनुभव जरूर सांगा.

स्वयंपाकघर मागे, पश्चिमेला. दुपारचं ऊन आणि पावसाचा मारा दोन्ही तिकडूनच. ३ फुटांची पडवी पुरेल का?

आणि उंबरा. वॉकर अडतो म्हणून कुठेच ठेवायचा नाही असं मी म्हटलं, तर आई म्हणाली, "बिनउंबऱ्याचं घर नको, पूजा कशाची करायची?" मुख्य दारात काळ्या दगडाची पट्टी जमिनीच्या पातळीत बसवली तर उंबरा म्हणून चालेल का? पण मग पाणी आत येणार नाही असा उतार ओटीला कसा द्यायचा?

इंजिनिअर पुढच्या रविवारी येणार आहेत. त्याआधी जाळी वाळत घालतात त्या मोकळ्या जागेत खऱ्या मापात चुन्यानं घर आखणार आहे आणि आईला वॉकर घेऊन पलंगापासून ओटीपर्यंत चालवून बघणार आहे. कुठे अडली ते इथेच लिहितो.