कॉलेजच्या खेळाडूंना स्कॉलरशिपच्या वर पैसे द्यावेत का?

गोदाकाठचा
भाचा अमेरिकेत एमएस करतोय, परवा फोनवर म्हणाला मामा इथे १ जुलै २०२५ पासून कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे द्यायला लागलीत, एका कॉलेजला पहिल्या वर्षी २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत वाटायची मुभा. फी माफ, राहणं-खाणं फुकट, वर हे! मला काही पटलं नाही. तुम्हाला?

पंचवटीकर
का नाही पटलं? स्टेडियम भरतं कोणाच्या जिवावर? एड ओबॅननची केस बघा, लॉस एंजेलिसच्या यूसीएलए युनिव्हर्सिटीचा बास्केटबॉलवाला, कॉलेज सोडून कितीतरी वर्षांनी त्याला व्हिडिओ गेममध्ये स्वतःसारखाच खेळाडू दिसला आणि हातात दमडी नाही. २००९ मध्ये कोर्टात गेला. पुढे २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टानेही एनसीएएविरुद्ध, म्हणजे तिकडचे कॉलेजचे खेळ चालवणाऱ्या संस्थेविरुद्ध, ९-० निकाल दिला (ती केस वेगळी, अल्स्टन नावाच्या खेळाडूची), आणि त्याच जुलैपासून पोरं स्वतःच्या नावावर, फोटोवर जाहिराती करून कमवायला लागली. कोच कोट्यवधी घेतो तेव्हा कोणाला खटकत नाही, पोराने मागितले की लगेच 'खेळाची भावना'!

धावणारी_ताई
अहो पण वाटा जातो कुठे ते बघा ना. मोठ्या कॉलेजांत बहुतेक पैसा अमेरिकन फुटबॉलला, मग पोरांच्या बास्केटबॉलला, पळणाऱ्या मुलीच्या वाट्याला काय, चुरमुरे? आपली कविता राऊत, सावरपाड्याची, २०१० च्या कॉमनवेल्थला १० हजार मीटरमध्ये ब्राँझ आणलं तिने. तिकडच्या हिशोबात तिच्या खेळाला तिकीटच खपत नाही. जो गल्ला भरेल त्यालाच द्यायचं असेल तर तिच्यासारखीला कोण देणार?

सिडको_एक्सप्रेस
तिकडचं जाऊ द्या हो. मी इंटर-युनिव्हर्सिटी खेळलोय, दोन रात्री जनरलच्या डब्यात दाराशी बसून गेलो, डीए (रोजचा खर्चाचा भत्ता) मिळाला चार महिन्यांनी आणि तोही कापून, त्यात वडापाव सोडून काही बसत नव्हतं. स्पाइक्स मित्राचे, एक नंबर मोठे, पुढे कापूस कोंबून पळालो. बदल्यात काय, तर ग्रेस मार्क. खेलो इंडियात निवड झालेल्यांना महिन्याला १० हजार मिळतात, ते चांगलंच आहे पण तिथवर पोचतात किती.

गोदाकाठचा
ताईंचं पटलं. पंचवटीकर, कोचचं मला खरंच माहीत नव्हतं, भाच्याला विचारतो. आणि सिडको, कापूस कोंबून कितवा आलास ते सांग आधी.

सिडको_एक्सप्रेस
सहावा. टाचेचे फोड अजून दाखवू शकतो.