प्रतिसाद: छोट्या रंगमंचावर नाटक 'पूर्ण' होत नाही?

वर कुणीतरी म्हटलंय की शे-दीडशे खुर्च्यांच्या जागेत नाटक म्हणजे तालीमच. नाही पटलं बुवा.

दादरच्या छबिलदास शाळेचं सभागृह आठवा. 'आविष्कार' या नाट्यसंस्थेने १९७४ पासून तिथे प्रयोग सुरू केले. अरविंद देशपांडे, सुलभा देशपांडे, अरुण काकडे ही मंडळी त्यामागे होती. नाट्यगृह म्हणून बांधलेली जागा नव्हतीच ती. प्रेक्षक नटाच्या इतक्या जवळ की आवाज फेकायची गरज नाही आणि खोटं लपवायची सोयही नाही! मोठ्या थिएटरात शेवटच्या रांगेसाठी हात उंचावावा लागतो, इथे नुसती भुवई हलली तरी पोचते. नेपथ्यही आपोआप आटोपशीर होतं: दोन लेव्हल्स (म्हणजे उंचवटे), एक खुर्ची, बाकी प्रकाशावर. पुढे संस्थेचं बस्तान माहीमच्या पालिका शाळेत हललं, पण या प्रायोगिक नाटकांना मिळालेलं 'छबिलदास चळवळ' हे नाव राहिलं.

पुण्यात शनिवार पेठेतला सुदर्शन रंगमंच त्याच जातकुळीतला. मी तिथे एकदा अगदी पुढे बसलो होतो. नटाच्या हातातल्या कपातला चहा खरा होता, वास येत होता. (मध्यंतरापर्यंत मलाही तल्लफ आली, ते सोडा.)

छोट्या जागेत पैशाचं गणित जमत नाही म्हणाल, तर ते तेव्हाही जमत नव्हतं. तिकीटविक्रीत प्रयोगाचा खर्च निघणं कठीणच, नट नोकऱ्या सांभाळून संध्याकाळी तालमी करायचे. त्या मुद्द्यावर तुमच्याशी सहमत.