दोन रंगांचे दोरेही सोबत न्या

शिलाई मशीन घेण्याआधी दुकानात ते चालवून बघायला घरचं कापड घेऊन जा, हा सल्ला अगदी पटला. दुकानातल्या कडक सुती तुकड्यावर कुठलंही मशीन सुरेख टीप घालतं. पण त्यासोबत दोन रंगांचे दोरे न्याच: वर लाल, बॉबिनला (खालच्या दोऱ्याच्या छोट्या रिळाला) पांढरा. सुलट बाजूला पांढरे ठिपके दिसले तर वरच्या दोऱ्याचा ताण जास्त, उलट बाजूला लाल दिसला तर कमी. ताणाची चकती जराशी फिरवून दोन्ही बाजू स्वच्छ व्हायला हव्यात. होत नसतील तर ते मशीन मी तरी घेणार नाही.

आणि कापडाप्रमाणे सुई बदलायला सांगा, लाजू नका! जॉर्जेटला 11 नंबर, जीन्सला 16. जीन्सच्या दुमडीवर पेडल अगदी हळू दाबून बघा, कमकुवत मोटर तिथेच अडते.