एकाकी मृत्यू आणि भाडेकरार

'मुलं विचारत नाहीत म्हणून जपानमध्ये म्हातारी माणसं एकटी मरतात' असं बरेच जण म्हणतात. ते खरं, पण अर्धंच. तिथल्या पोलिसांकडे २०२४ मध्ये एकटं राहणाऱ्या ७६,०२० जणांचे घरातले मृत्यू नोंदले गेले, त्यातले तीन चतुर्थांशांहून जास्त ६५ च्या पुढचे. आता यात भाडेकराराची मेख बघा. भाडेकरू वारला तरी तिथे करार आपोआप संपत नाही. तो आणि खोलीतलं सामान वारसांकडे जातं. वारस सापडून हो म्हणेपर्यंत मालकाला साधी गादीही बाहेर टाकता येत नाही, आणि भाडं बुडतं ते वेगळंच.

त्यात २०२१ च्या सरकारी मार्गदर्शक सूचना: नैसर्गिक मृत्यू पुढच्या भाडेकरूला सांगायची गरज नाही, पण प्रेत उशिरा सापडून खास साफसफाई करावी लागली, तर साधारण ३ वर्षं सांगावं लागतं. मालक धसका घेतात तो या उशिराचा, म्हणून सत्तरीतल्या एकट्या माणसाला खोली द्यायला बरेच जण कां-कूं करतात. हा उशीर टाळायला झोजिरुशी या जपानी कंपनीने २००१ मध्ये आणलेला चहाच्या पाण्याचा इलेक्ट्रिक थर्मास वापराची खबर ईमेलने देतो, म्हणजे वापर थांबला की दूरच्या माणसाला कळतं. पण ती खबर कुणाला पाठवायची हे आधी नोंदवावं लागतं, आणि ज्याला कुणीच विचारत नाही त्याची अडचण तिथेच.