अकरावीत कॉमिक्सचा नाद लागलाय, पुढचे भाग कुठून आणू?

आर्वीकडची_पोट्टी

नमस्कार. मी आर्वीजवळच्या गावात राहते, अकरावी सायन्स. दिवाळीत मामाकडं गेले होते तर धान्याच्या कोठीमागं टिनाची पेटी सापडली, वाटलं शेताचे जुने कागद असतील, उघडली तर सगळी कॉमिक्स. नागराज, सुपर कमांडो ध्रुव, चाचा चौधरी, सगळं हिंदीत, अन् तळाशी थोडे मराठी इंद्रजाल कॉमिक्स, वेताळवाले (म्हणजे फँटम, जंगलातला मुखवटेवाला हिरो). लहानपणी मी यातलं काहीच वाचलं नव्हतं, आमच्याकडं पुस्तक म्हणजे अभ्यासाचं नाहीतर पोथी.

साबू गुरू ग्रहावरून आलाय वगैरे वाचून हसू येते, पण मला खरा आवडला तो ध्रुव. अंगात काही शक्ती नाही, सर्कशीत वाढलेला, प्राण्यांची भाषा समजते, मोटरसायकल अन् डोकं, बास. आणि ज्या वस्तूनं तो सुटणार असतो ती आधीच चित्रात कुठंतरी कोपऱ्यात काढून ठेवलेली असते, एखादी दोरी नाहीतर पाण्याचा पाइप, आपलं लक्षच जात नाही, मग कळलं की पान मागं उलटून पाहावं लागते की अरे हो, होती की इथंच.

पण अर्ध्या गोष्टी दोन भागांच्या आहेत अन् दुसरा भाग पेटीत नाही!! मामा म्हणतो रद्दीत गेले असतील. ऑनलाइन पाहिलं तर एकजण एका फाटक्या अंकाचे हजार रुपये मागते. आई म्हणते येवढी घोडी झाली अन् चित्रं पाह्यत बसते. तर पुढचे भाग कुठं मिळतील, अन् ध्रुव आवडला तर अजून काय वाचू?

कपाशीवाला_काका

अवो पोरी, मामाले म्हणा पेटी सांभाळली तेच लय झालं. आमच्या टायमाले विकत कोण घेते? बसस्टँडजवळ एक पानठेलेवाला होता, दोरीवर कॉमिक्स लटकवून ठेवे, चार आणे द्या अन् तिथंच बाकड्यावर बसून वाचा, घरी नेऊ देत नोहोता. आम्ही दोघं मिळून एक घेऊ, अन् मी हळू वाचो म्हणून माह्या दोस्त पान उलटवाची घाई करे, त्याच्यावरून मारामाऱ्या झाल्या बाप्पा.

नागराज १९८६ चा, ध्रुव त्याच्या पुढच्या वर्षी आला, दोन्ही राज कॉमिक्सचे. सुरुवातीचा नागराज वाच, तो आधी हिरो नोहोताच, नागमणी नावाच्या प्रोफेसरनं आतंकवाद्यांले भाड्यानं द्यासाठी बनवलेलं हत्यार होता तो, मंग बाबा गोरखनाथ त्याले सोडवते.

हजार रुपये कोणाले देऊ नको. तुले गोष्ट वाचाची हाये ना, मंग जुना अंकच कायले पाह्यजे, राज कॉमिक्सचे जुने अंक नव्यानं छापून येतात, ते पाह्य. नागपूरले गेली तं सीताबर्डीत फुटपाथवर जुन्या पुस्तकवाल्यांजवळ विचार, पण भाग दोन नाव वाचूनच घे, ते लोक काहीबी हातात देतात.

रेघोट्या

मी ड्रॉइंग टीचर आहे (यवतमाळ जिल्हा), त्यामुळं माझं उत्तर जरा वेगळ्या बाजूनं. ध्रुव ज्यांनी घडवला ते अनुपम सिन्हा लिहायचेही अन् काढायचेही, त्यामुळं तू म्हणते ती कोपऱ्यातली दोरी जमते, लेखक वेगळा अन् चित्रकार वेगळा असला की ते बरेचदा सुटून जाते. आणि तुझ्या पेटीतल्या सुरुवातीच्या नागराजवर चित्रकाराचं नाव पाहा, प्रताप मुळीक सापडतील. पुण्याचे. अमर चित्र कथेचे कितीतरी अंकही त्यांनीच काढलेत. दोन्ही शेजारी ठेवून बघ, दंडाचे स्नायू, बोटांची ठेवण, उभं राहायची ऐट, पुराणातला राजा अन् हिरव्या अंगाचा नागराज एकाच हातचे आहेत हे लगेच दिसते. मला तर नागराजपेक्षा त्यांचे राजेच जास्त आवडतात, पण असो. अमर चित्र कथा १९६७ साली अनंत पैंनी सुरू केली, मराठीतही आहेत, शाळेच्या लायब्ररीत धूळ खात पडलेल्या असतात बहुतेक ठिकाणी, ग्रंथपालांना विचारून तर बघ.

इंद्रजालचे अंक मात्र जपून ठेव. टाइम्स ऑफ इंडियावाल्यांनी १९६४ ला सुरू केलं अन् १९९० ला बंद. वेताळाच्या देशाचं नाव त्यात डेंकाली केलं होतं, मूळ इंग्रजीत बेंगाला होतं.

उधई_शत्रू

पेटी कोठीमागं होती म्हणजे उधई लागू शकते, आधी सगळं बाहेर काढून सावलीत वारं दे, उन्हात नको, कागद कडक होऊन मोडते. मधल्या पिना गंजल्या असतील तर चाकूच्या टोकानं हळूच उघडून काढ अन् त्याच भोकातून सुती दोरा ओवून बांध, गंज कागदात उतरला की तेवढा भाग भुगा होते. फाटलं तर सेलोटेप अजिबात लावू नको. पेटीत डांबर गोळ्या टाक, पण कागदाला लागू देऊ नको, कपड्यात बांधून टाक.

लुफी_अमरावती

ताई, जुनं ठीक आहे पण मांगा म्हणजे जपानी कॉमिक्स पण बघ ना. मी दहावीत आहे. वन पीस १९९७ पासून चालू आहे अजून संपलं नाही, म्हणजे पुढचा भाग नाही असं होतच नाही 😄 मांगा प्लस ॲपवर बऱ्याच सिरीजचे पहिले तीन अन् शेवटचे तीन चॅप्टर फुकट असतात, इंग्रजीत आहे पण सोपं आहे, नेट जास्त लागत नाही. फक्त उजवीकडून डावीकडं वाचायचं, पहिल्या दिवशी डोकं फिरते नंतर सवय होते.

सायन्सवाला

अकरावीचं वर्ष आहे, बारावी झाल्यावर वाच की हे सगळं.

कपाशीवाला_काका

@सायन्सवाला काहून भाऊ, बारावीवाले पोट्टे दिवसभर रील पाह्यतात ते चालते का? रात्री अर्धा तास वाचलं पोरीनं तं काय बिघडते.

आर्वीकडची_पोट्टी

धन्यवाद सगळ्यांना! @रेघोट्या सर, आत्ताच पाहिलं, तीन नागराजवर मुळीक नाव आहे, लक्षच गेलं नव्हतं. @उधई_शत्रू दादा, खालच्या दोन वेताळांना उधई लागलीच आहे, कडा खाल्ल्यात, बाकी वाचलेत. पिना उद्या काढते. ॲप भावाच्या मोबाईलमध्ये टाकते, माझ्यात जागा नाही.

अन् काका, चाचा चौधरीचे काही अंक डबल निघाले. कोणाकडं ध्रुवचे दुसरे भाग असतील तर बदल्यात देईन, आर्वी बसस्टँडवर शनिवारी दुपारी क्लासनंतर येऊ शकते, भावाला घेऊन.

कपाशीवाला_काका

थांब, माळ्यावर चढाले लागीन. नावं टाक इथं, कोणते पाह्यजे ते.